एका फडाला एकच क्रमांक
साखर कारखान्यातील नोंदींचे एकसूत्रीकरण

साखर शेतात तयार होते, कारखाना ती केवळ उसातून काढून घेतो, असे ऊसपिकाचे जाणकार नेहमी सांगतात. उसाच्या नोंदीचेही तसेच आहे. ती प्रथम बांधावर तयार होते. कारखान्याच्या कचेरीत ती फक्त एका वहीतून दुसऱ्या वहीत, अथवा एका संगणकातून दुसऱ्या संगणकात जाते. बांधावर चुकलेली नोंद पुढे आपोआप सुधारत नाही. म्हणून कारखान्याच्या सर्व खात्यांनी एकाच पद्धतीची नोंद स्वीकारावी, हा विषय केवळ कचेरीतील लेखनिकांचा नसून ऊस उत्पादकाचा व गावपातळीवरील कार्यकर्त्याचाही आहे.

एक ऊस, पाच नोंदी

लागण झाली की शेतकी खात्याचा कर्मचारी सभासदाचे नाव, गाव, क्षेत्र, उसाची जात व लागणीची तारीख लिहून घेतो. ऊस पक्व झाला की तोडणी खाते टोळीच्या नावे चिठ्ठी देते. गाडी काट्यावर आली की भरलेल्या गाडीच्या वजनातून रिकाम्या गाडीचे वजन वजा करून उसाचे वजन ठरते. प्रयोगशाळा रसाचा ब्रिक्स व पोल तपासते. शेवटी हिशेब खाते कर्जाची कपात करून बिल काढते.

पाचही खात्यांपुढील ऊस एकच असतो. परंतु शेतकी खाते तो सभासद क्रमांकाने ओळखते, तोडणी खाते टोळीच्या क्रमांकाने, काटा गाडीच्या क्रमांकाने, प्रयोगशाळा नमुन्याच्या क्रमांकाने आणि हिशेब खाते बँकेच्या खात्याने. या पाच नोंदी जुळवावयाच्या झाल्या म्हणजे लेखनिक नावावरून अंदाज बांधतो. एका गावात एकाच नावाचे तीन सभासद असणे ही काही दुर्मिळ गोष्ट नव्हे.

शब्दांचाही असाच घोळ होतो. ‘को ८६०३२’ आणि ‘निरा’ ही एकाच जातीची दोन नावे आहेत, ‘को.एम. ०२६५’ आणि ‘फुले २६५’ ही देखील एकच जात होय. ‘गट १२’ असे लिहिले असता तो सातबारावरील जमिनीचा गट की कारखान्याच्या कार्यक्षेत्राचा गट, हे वाचणाऱ्यास कसे कळावे?

क्षेत्राचे उदाहरण तर फारच बोलके आहे. नोंदवहीत ‘१.२०’ एवढाच आकडा आहे असे समजा. लिहिणाऱ्याच्या मनात १ एकर २० गुंठे, म्हणजे दीड एकर होते. दुसऱ्याने तो आकडा दशांशात वाचला, तर क्षेत्र १ एकर ८ गुंठे होते. तिसऱ्याने १ हेक्टर २० आर असे वाचले, तर ते जवळजवळ तीन एकर भरते. एकरी ४० टनांचा अंदाज धरला तर त्याच फडातून एका वहीप्रमाणे ६० टन, दुसरीप्रमाणे ४८ टन आणि तिसरीप्रमाणे सुमारे ११९ टन ऊस यावयास हवा! अशा आकड्यांवर टोळ्या व वाहने नेमली तर कोठे टोळी बसून राहते आणि कोठे तोडलेला ऊस उन्हात वाळतो. तोडलेला ऊस शक्यतो २४ तासांच्या आत गाळला जावा, हे सर्वांस ठाऊक आहे. त्यापुढे वजन व साखर दोन्ही घटत जातात.

तारखेची चूक

एका कारखान्याच्या कार्यक्षेत्रात प्रस्तुत लेखकाने प्रत्यक्ष पाहिलेली एक गोष्ट येथे सांगणे योग्य होईल. एका शेतकऱ्याने जुलैमध्ये आडसाली लागण केली. नोंद घेणारा कर्मचारी ऑक्टोबरात आला. त्याच्या वहीत लागणीची तारीख बरोबर होती; परंतु तोडणीची यादी संगणकावर तयार करताना नोंदणीची तारीख हीच लागणीची तारीख समजली गेली. आडसाली ऊस पूर्वहंगामी ठरला व यादीत मागे गेला. नोव्हेंबरअखेर तुटावयाचा ऊस फेब्रुवारीत तुटला. तोवर त्यास तुरे येऊन कांड्यांत पोकळी पडली होती. काट्यावरून परत आल्यावर तो शेतकरी एवढेच म्हणाला, “साहेब, ऊस माझ्या रानात वाढला, पण त्याचं वय कचेरीनं ठरवलं.”

येथे कोणी लबाडी केली नव्हती. दोन खात्यांनी ‘तारीख’ या एकाच शब्दाचे दोन अर्थ धरले होते, एवढेच.

एकसूत्रीकरण म्हणजे काय?

जुन्या काळी ज्वारीची पायली गावोगाव निराळी असे आणि मणाचे वजनही प्रांतोप्रांती बदलत असे. १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला व १ ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक वजने टप्प्याटप्प्याने प्रचारात आली. त्यायोगे नगरचा किलो आणि नागपूरचा किलो एक झाला. नोंदींच्या बाबतीत नेमके हेच करावयाचे आहे. त्यासाठी सर्व खात्यांनी चार गोष्टी मान्य केल्या पाहिजेत.

पहिली गोष्ट क्रमांकाची. प्रत्येक फडास एक कायम क्रमांक द्यावा व तोच तोडणीची चिठ्ठी, वजनाची पावती, प्रयोगशाळेचा नमुना आणि बिल या सर्वांवर यावा. हा क्रमांक सातबारावरील गट क्रमांकाशी जोडलेला असावा. एका गटात अनेक खातेदार व अनेक फड असू शकतात, म्हणून पोटक्रमांक अवश्य ठेवावा.

दुसरी गोष्ट अर्थाची. जातींची नावे, क्षेत्राचे व वजनाचे माप आणि तारखांचे प्रकार यांचा एक लहानसा कोश करून तो सर्व खात्यांस द्यावा. क्षेत्र हेक्टर-आरमध्येच लिहावे. लागणीची तारीख आणि नोंदणीची तारीख यांचे रकाने वेगळे ठेवावेत. दिवस कोठे सुरू होतो, हेही ठरवावे. गाळपाचा दिवस सकाळच्या पाळीपासून आणि हिशेबाचा दिवस मध्यरात्रीपासून मोजला, तर पहाटे दोन वाजता काट्यावर आलेल्या गाडीस दोन तारखा मिळतात. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ प्रमाणे, वेगळा लेखी करार नसल्यास, ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत किंमत द्यावी लागते व विलंबास वार्षिक १५ टक्के व्याज लागते. तेव्हा एका दिवसाचा फरकही क्षुल्लक मानता येत नाही.

तिसरी गोष्ट अशी की, प्रत्येक बाब एकदाच व जेथे घडली तेथेच नोंदावी. वजन काट्यावर नोंदले गेले की हिशेब खात्याने ते तेथूनच घ्यावे. पुन्हा हाताने उतरवू नये.

चौथी गोष्ट जबाबदारीची. कोणती नोंद कोणी दुरुस्त करावयाची, हे ठरलेले असावे. जुनी नोंद पुसू नये. दुरुस्ती करणाऱ्याचे नाव, तारीख व कारण तिच्यासमोर राहावे. नोंद एकच झाली म्हणजे तिच्यातील चूकही एकाच वेळी सर्व खात्यांत पोचते, हे विसरू नये.

वारणेचा धडा

१९९८ साली कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील वारणा परिसरातील सुमारे ७० गावांत संगणक केंद्रे जोडण्याची योजना सुरू झाली. ऊस उत्पादकास तोडणीची व वजनाची माहिती गावातच मिळावी, हा तिचा एक हेतू होता. पुढे २००७ च्या सुमारास सात गावांत संगणकाऐवजी मोबाइलच्या लघुसंदेशाने हेच काम करून पाहण्यात आले. दहा वर्षांत साधन बदलले. परंतु शेतकऱ्याचे प्रश्न तेच राहिले – माझी चिठ्ठी केव्हा, माझे वजन किती? तात्पर्य, यंत्र कोणते घ्यावे याचा विचार नंतर करावा. आधी नोंदीची घडी बसवावी.

आपण काय करावे?

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी नोंद घरी अथवा चावडीत बसून न घेता फडावर उभे राहून घ्यावी. सातबारा व आठ-अ पाहावा. क्षेत्र मोजून लिहावे व मापाचे नाव आकड्यापुढे लिहिण्यास चुकू नये. लिहिलेले सर्व शेतकऱ्यास वाचून दाखवावे व त्याची प्रत त्याच्या हाती द्यावी. पूर्वीच्या हंगामातील नोंदीवरून नवी नोंद उतरवू नये. खोडवा राखला की मोडला, हे डोळ्यांनी पाहावे.

शेतकरी बंधूंनी नोंदणीची पावती, तोडणीची चिठ्ठी, वजनाची पावती व बिल ही चारही कागदपत्रे एकत्र ठेवून त्यांवरील क्रमांक, क्षेत्र, जात व तारीख ताडून पाहावी. तफावत दिसल्यास तोडणीपूर्वीच गट कार्यालयास लेखी कळवावे. ऊस गव्हाणीत पडल्यावर तो ओळखून काढता येत नाही.

कारखान्याने आरंभी एकच गट निवडावा, एक हंगाम जुनी व नवी अशा दोन्ही पद्धती शेजारी शेजारी चालवाव्यात, आणि दोहोंचा मेळ बसल्यावरच इतर गटांकडे वळावे. याचा प्रारंभ येत्या लागणीपासून करता येईल. त्यास मोठा खर्च नको. एक मोजपट्टी, एक ठरलेला नमुना आणि फडापर्यंत चालत जाण्याची तयारी एवढे पुरे आहे.