बीडीएस मुलगी आणि अमेरिकेचा रिश्ता : डिग्री तिथे चालते का?

ईद झाली की आपल्याकडे रिश्त्यांची बोलणी सुरू होतात. यंदा आमच्या एका जुन्या विद्यार्थिनीचे अब्बा घरी आले. मुलगी बीडीएस झालेली, इंटर्नशिप पूर्ण, तालुक्याच्या गावी एका दवाखान्यात दोन वर्षे काम करते. मुलगा टेक्सासमध्ये सॉफ्टवेअर कंपनीत. घराणे चांगले, मुलगा नेक. मध्यस्थ म्हणाले, "मुलगी डेंटिस्ट आहे, तिकडे गेली की सहा महिन्यांत दवाखाना टाकेल." अब्बांचा प्रश्न एवढाच होता : "सर, हे खरं आहे का?"

आम्हाला त्या दिवशी उत्तर देता आले नाही. नंतर आम्ही माहिती काढली, या वाटेने गेलेल्या आपल्या दोन मुलींशी फोनवर बोललो. उत्तर असे आहे की हे खरे नाही. वाट आहे, पण ती सहा महिन्यांची नाही. ज्या घरात बीडीएसची मुलगी किंवा मुलगा आहे आणि अमेरिकेचा विचार चालला आहे, त्यांच्यासाठी ही वाट जमेल तेवढ्या सोप्या शब्दांत सांगतो.

एमबीबीएस आणि बीडीएस, दोघांची वाट वेगळी

आपल्याकडे बरेच जण समजतात की डॉक्टर म्हणजे डॉक्टर. इथला एमबीबीएस अमेरिकेत गेला तर तो यूएसएमएलई परीक्षा देतो आणि रेसिडेन्सीला लागतो. त्याला पुन्हा मेडिकल कॉलेजात बसावे लागत नाही. डेंटिस्टचे तसे नाही. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत दातांच्या डॉक्टरकीचे लायसन्स हवे असेल तर 'कोडा' या संस्थेने मान्यता दिलेल्या डेंटल स्कूलची डिग्री लागते. भारतातली कॉलेजे, कितीही नावाजलेली असली तरी, त्या मान्यतेत बसत नाहीत. काही मोजक्या राज्यांत रेसिडेन्सीच्या मार्गाने लायसन्स मिळण्याची सोय आहे, पण त्या राज्यापुरतीच. म्हणून बहुतेकांना पुन्हा डेंटल स्कूलमध्ये प्रवेश घ्यावाच लागतो.

दिलासा एवढाच की पहिल्या वर्षापासून सुरुवात करावी लागत नाही. परदेशात शिकलेल्या डेंटिस्टांसाठी बऱ्याच डेंटल स्कूलमध्ये वेगळा अभ्यासक्रम असतो, त्याला अॅडव्हान्स्ड स्टँडिंग म्हणतात. तो दोन ते तीन वर्षांचा असतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या युनिव्हर्सिटी ऑफ द पॅसिफिकमध्ये दोन वर्षे, न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीत तीन वर्षे. शेवटी डीडीएस किंवा डीएमडी ही डिग्री मिळते. नावे दोन, पण किंमत एकच. "डीएमडी मोठी का डीडीएस?" या वादात पडू नका.

प्रवेशाच्या पायऱ्या

पहिली पायरी आयएनबीडीई ही परीक्षा. ही २०२० मध्ये सुरू झाली. आधीची दोन भागांची एनबीडीई आता बंद झाली आहे, तेव्हा कोणी जुनी पुस्तके आणि 'पार्ट वन, पार्ट टू'चे क्लास विकत असेल तर सावध राहा. परीक्षेत ५०० प्रश्न असतात आणि ती दोन दिवस चालते. निकाल फक्त पास किंवा नापास, गुण मिळत नाहीत. प्रश्न पाठांतराचे कमी आणि पेशंटची माहिती देऊन 'आता काय कराल?' असे जास्त. बहुतेक डेंटल स्कूल ही परीक्षा पास असल्याशिवाय अर्ज विचारात घेत नाहीत.

दुसरी पायरी इंग्रजीची परीक्षा. बहुतेक ठिकाणी टोफेल मागतात. त्याचा निकाल दोन वर्षेच चालतो, म्हणून घाईघाईत आधी टोफेल देऊन ठेवू नका. अर्जाच्या हिशेबाने वेळ साधा.

तिसरी पायरी मार्कशीटची तपासणी. ईसीई किंवा डब्ल्यूईएस या संस्था आपली मार्कशीट अमेरिकन पद्धतीत बदलून अहवाल देतात. त्यासाठी ट्रान्सक्रिप्ट विद्यापीठाकडून थेट जावे लागते. घरून झेरॉक्स पाठवून चालत नाही. महाराष्ट्रातल्या बहुतेक मुलांना नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे अर्ज करावा लागतो. इथे असताना हे काम एका चकरेत होते. तिकडे गेल्यावर भावाला, मामाला नाशिकला पळवावे लागते.

चौथी पायरी अर्ज. बहुतेक स्कूलसाठी 'कॅपिड' नावाची एकच सामायिक ऑनलाइन यंत्रणा आहे. ती साधारण मार्चमध्ये उघडते. एक अर्ज भरून अनेक ठिकाणी पाठवता येतो, पण प्रत्येक ठिकाणची फी आणि शेवटची तारीख वेगळी. सोबत शिफारसपत्रे आणि 'मी डेंटिस्ट का झाले' असे स्वतःचे निवेदन लागते. हे निवेदन कोणाकडून विकत लिहून घेऊ नका. मुलाखतीत त्यातलेच प्रश्न विचारतात.

पाचवी पायरी मुलाखत आणि बेंच टेस्ट. बेंच टेस्ट म्हणजे हाताची परीक्षा. प्लास्टिकच्या दातांवर क्राऊनसाठी दात घासून तयार करणे, फिलिंगसाठी पोकळी कोरणे, अशी कामे ठरलेल्या वेळेत करायची. तपासणारे मिलिमीटरचा फरक बघतात. सगळीच स्कूल ती घेत नाहीत, पण बरीच घेतात. आम्ही ज्या मुलींशी बोललो त्यांतली एक म्हणाली, "सर, अभ्यास तर रात्री जागून झाला, पण चार वर्षे हातात हँडपीस नव्हता. हात विसरला होता." ती पहिल्या वर्षी इथेच अडकली. दुसऱ्या वर्षी सराव करून गेली तेव्हा जागा मिळाली.

प्रत्येक स्कूलमध्ये जागा मोजक्या असतात आणि अर्ज जगभरातून येतात. दोन-तीन वर्षे अर्ज करावा लागणे ही सामान्य गोष्ट आहे. त्यात मुलीची लायकी कमी असते असे नाही.

डिग्री हातात आली तरी लायसन्स राज्याच्या डेंटल बोर्डाकडून घ्यावे लागते. त्याची परीक्षा आणि नियम राज्याप्रमाणे बदलतात. म्हणजे परीक्षा, अर्ज, अभ्यासक्रम आणि लायसन्स हे सारे धरले तर नशिबाने साथ दिली तरी चार ते पाच वर्षे लागतात. सहा महिन्यांत दवाखाना, ही गोष्ट इथेच संपते.

पैशाचा हिशेब

आता ज्यावर घरात सगळ्यात कमी बोलणे होते ते. अनेक खासगी डेंटल स्कूलची फी वर्षाला एक लाख डॉलरच्या आसपास किंवा त्याहून जास्त आहे. डॉलर ८५ रुपयांचा धरला तरी एका वर्षाचे ८५ लाख झाले. दोन-तीन वर्षांचा हिशेब तुम्हीच करा. त्यात राहणे, खाणे, विमा, हत्यारे वेगळी.

अमेरिकन सरकारचे विद्यार्थी कर्ज परदेशी विद्यार्थ्याला मिळत नाही. खासगी बँका बहुधा तिथला नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला जामीनदार मागतात. आपल्या केंद्र सरकारची 'पढो परदेश' ही व्याजसवलतीची योजना २०२२ मध्ये बंद झाली. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ शैक्षणिक कर्ज देते, पण एवढ्या मोठ्या खर्चापुढे ती रक्कम अपुरी पडते.

इथे सूदाचा प्रश्नही येतो. हा प्रश्न प्रत्येक घराने आपल्या भरवशाच्या आलिमांना विचारून सोडवावा, आम्ही फतवा देणारे नव्हे. पण विचारायचा असेल तर निकाहाच्या आधी विचारा. मुलगी प्रवेशपत्र हातात घेऊन उभी आहे आणि तेव्हा सासरचे म्हणतात की आम्ही कर्ज घेत नाही, ही वेळ कोणावर येऊ नये.

व्हिसा : मधला अडसर

नवरा एच-१बी व्हिसावर असेल तर बायकोला एच-४ मिळतो. एच-४ वर शिकता येते, पण नोकरी करता येत नाही. नवऱ्याच्या ग्रीन कार्डचे काम ठराविक टप्प्यापर्यंत गेले असेल तरच बायकोला कामाची परवानगी मागता येते. म्हणजे इथे रोज वीस पेशंट पाहणारी मुलगी तिथे डेंटल असिस्टंटचे पगारी कामही करू शकत नाही. दुसरी मुलगी आम्हाला म्हणाली की पहिले वर्ष तिने सर्वांना "मी डॉक्टर आहे" असे सांगणेच बंद केले होते. आई-वडिलांना फोनवर मात्र "सगळं ठीक आहे" म्हणायची.

इथूनच काय करून जावे

एक. कागदपत्रे गोळा करा : सर्व वर्षांच्या मार्कशीट, डिग्री, इंटर्नशिपचा दाखला, राज्य डेंटल कौन्सिलची नोंदणी आणि ट्रान्सक्रिप्ट.

दोन. नाव जुळवा. आपल्याकडे मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे. पासपोर्टवर वेगळा क्रम. कुठे 'शेख' आधी, कुठे शेवटी, कुठे स्पेलिंगच वेगळे. निकाहानंतर पासपोर्टवर नवऱ्याचे नाव लावले की चौथा प्रकार तयार होतो. परीक्षेची नोंदणी आणि ओळखपत्र यांवरचे नाव तंतोतंत जुळावे लागते. नाव बदलणे गरजेचे नसेल तर पासपोर्टवर आहे तेच राहू द्या.

तीन. शिफारसपत्रांसाठी कॉलेजच्या शिक्षकांना आताच भेटा. पाच वर्षांनी ते ओळखणार नाहीत.

चार. हातचे काम सोडू नका. साखरपुडा झाला म्हणून दवाखाना बंद करणारी घरे आम्ही पाहिली आहेत. तोच काळ पुढे अर्जात कोरा दिसतो.

पाच. 'सीट पक्की' म्हणणाऱ्या एजंटाला एक रुपयाही देऊ नका. अर्ज उमेदवार स्वतः भरू शकतो.

आणि अमेरिकाच हवी असेही नाही. कॅनडात एनडीईबीच्या परीक्षा देऊन, तर ब्रिटनमध्ये ओआरई ही दोन भागांची परीक्षा देऊन, पुन्हा डिग्री न घेता नोंदणी मिळू शकते. त्या परीक्षाही कठीण आणि खर्चिक आहेत, पण फीचा डोंगर तिथे नाही.

त्या अब्बांना आम्ही हे सगळे दुसऱ्या भेटीत सांगितले. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे रिश्ता मोडू?" आम्ही म्हटले, मोडू नका, विचारा. मुलाला आणि त्याच्या अम्मीला तीन गोष्टी विचारा : मुलीने चार-पाच वर्षे शिकायचे म्हटले तर चालेल का? खर्च कोण आणि कसा करणार? घर आणि मुले झाली तर तिच्या अभ्यासाच्या काळात कोण सांभाळणार?

प्रश्न मुलीनेच विचारले, अब्बांच्या समोर, फोनवर. मुलाने प्रामाणिकपणे सांगितले की त्याला यातले काहीच माहीत नव्हते आणि त्याने आठ दिवस मागितले. आठ दिवसांनी त्याने स्वतः तीन डेंटल स्कूलची माहिती काढून पाठवली. बोलणी पुढे सरकली आहेत. मुलगी गेल्या आठवड्यात ट्रान्सक्रिप्टसाठी नाशिकला जाऊन आली.

आपण मुलींना नीट देऊन, पोटाला चिमटा काढून डॉक्टर करतो. मग रिश्ता ठरवताना तिच्या डिग्रीचे पुढे काय, हा प्रश्न मेहरच्या रकमेइतकाच स्पष्ट बोलला गेला पाहिजे.