पायी लांब जाताना : पायांचे दुखणे आणि वाटेवरची माणसे

ज्येष्ठाचे ऊन अंगावर असतानाच विदर्भातल्या दिंड्या पंढरीची वाट धरतात. वर्धा नदीच्या काठी वसलेल्या कौंडण्यपूरहून रुक्मिणीमातेची पालखी निघते. तिला चारशे वर्षांहून अधिक काळाची परंपरा असल्याचे सांगितले जाते. शेगावहून श्री गजानन महाराजांची पालखी १९६८ पासून पायी जाते. आळंदी ते पंढरपूर हे अंतर सुमारे २५० किलोमीटर आहे. शेगावहून जाणाऱ्यांना ७०० किलोमीटरहून अधिक चालावे लागते आणि त्यात जवळजवळ महिना जातो. आमच्या हिंगणी-सेलू परिसरातूनही शेतकरी, शेतमजूर, निवृत्त शिक्षक, घरची जबाबदारी सुनेवर सोपवून निघालेल्या सासवा अशी मंडळी दरवर्षी या वाटेला लागतात. निघण्यापूर्वी त्यांपैकी थोडी दवाखान्यात येतात. परतल्यावर त्याहून पुष्कळ अधिक येतात.

परतलेल्या रुग्णांकडून दोन गोष्टी ऐकायला मिळतात. एक पायांची तक्रार आणि दुसरी वाटेत भेटलेल्या कुणा अनोळखी माणसाची आठवण. पहिली औषधाची बाब आणि दुसरी भावनेची, असे सहसा मानले जाते. अनेक वर्षांच्या अनुभवानंतर मला मात्र या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या करता येत नाहीत. लांबच्या वाटेवर शरीर कुठेतरी कमी पडतेच. त्या वेळी मदतीचा हात पुढे येतो का, हे महत्त्वाचे आहेच; पण चालणारा तो हात धरतो का, हेही तितकेच महत्त्वाचे असते.

वर्ध्याची पदयात्रा

पायी चालणे आपल्या जिल्ह्याला नवे नाही. मार्च १९५१ मध्ये विनोबा भावे हैदराबादजवळच्या शिवरामपल्ली येथील सर्वोदय संमेलनासाठी वर्ध्याहून पायी निघाले. अंतर सुमारे ३०० मैल आणि विनोबांचे वय ५५. प्रकृती तोळामासाच, पोटातील व्रणाचा जुना त्रास होता. १९३८ साली ते पवनारला राहायला आले, तेही प्रकृतीच्या कारणाने. संमेलन आटोपल्यावर ते तेलंगणातील अशांत भागात फिरू लागले. १८ एप्रिल रोजी पोचमपल्ली गावी भूमिहीन दलित कुटुंबांनी त्यांच्याकडे ८० एकर जमीन मागितली. विनोबांनी ती मागणी गावकऱ्यांपुढे ठेवली आणि रामचंद्र रेड्डी यांनी उभे राहून १०० एकर देऊ केली. असे काही घडेल, ही कुणाचीच अपेक्षा नव्हती. भूदान चळवळीचा आरंभ या अनपेक्षित औदार्यातून झाला आणि त्यानंतर १९६४ साली पवनारला परत येईपर्यंत विनोबा देशभर चालत राहिले.

वैद्यकाच्या नजरेने या पदयात्रेत दोन धडे आहेत. पहिला शिस्तीचा. विनोबा पहाटे उजाडण्यापूर्वी निघत, रोजचे अंतर बेताचे ठेवत आणि आहार मोजका घेत. पन्नाशी ओलांडलेल्या, अशक्त देहाला इतकी वर्षे चालते ठेवण्यात या नियमितपणाचा वाटा मोठा होता. दुसरा धडा चांडीलचा. डिसेंबर १९५२ मध्ये त्या वेळच्या बिहारमधील चांडील येथे त्यांना घातक मलेरियाने गाठले. सुरुवातीला त्यांनी औषध नाकारले. अखेर चिंताक्रांत झालेल्या मंडळींच्या आग्रहाला मान देऊन ते घेतले. इतरांसाठी मागणाऱ्या माणसालाही स्वतःसाठी मदत स्वीकारणे सोपे नसते. ती स्वीकारल्यामुळे पुढची यात्रा घडली, हे विसरता कामा नये.

दोन ऋतूंचा रस्ता

विदर्भातून निघणाऱ्याचा प्रवास उन्हात सुरू होतो आणि पावसात संपतो. त्यामुळे त्याला दोन ऋतूंचे त्रास एकाच वाटेवर सोसावे लागतात.

पहिल्या पंधरवड्यात शत्रू उष्णता. घामावाटे पाण्याबरोबर क्षारही जातात, म्हणून नुसते पाणी पीत राहणे पुरेसे नसते; फार मोठ्या प्रमाणात केवळ साधे पाणी घेतल्यास रक्तातील सोडियम घटून गुंगी येऊ शकते. ओआरएसचे पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यात विरघळवून ते थोडे थोडे घ्यावे. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा लहान चमचा मीठ घालावे. डोके दुखणे, मळमळणे, पायात गोळे येणे ही थांबण्याची सूचना समजावी. चालणारा असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला आणि अंग भाजल्यासारखे तापले, तर तो उष्माघात होय. त्याला ताबडतोब सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नये.

पाऊस सुरू झाला की त्रासाचे रूप पालटते. ओले मोजे आणि चिखल यांमुळे बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, त्वचा मऊ पडून फाटते. पायाला जखम असताना साचलेल्या पाण्यातून चालल्यास लेप्टोस्पायरोसिससारखा संसर्ग होऊ शकतो. मुक्कामावर पाय धुऊन बोटांमधली जागा पूर्ण कोरडी करणे आणि मोज्यांचा एक कोरडा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत राखून ठेवणे, हे दोन साधे उपाय पुष्कळ त्रास वाचवतात.

फोड दोन्ही ऋतूंत येतात. घर्षण, उष्णता आणि ओल यांतून ते होतात. लहान फोड फोडू नये. त्यावर स्वच्छ पट्टी लावावी. मांड्या घासत असतील तर निघण्यापूर्वीच खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावावे. पायाच्या हाडावर एकाच जागी बोट ठेवताच कळ येत असेल आणि विश्रांतीनंतरही ती जात नसेल, तर हाडाला बारीक चीर गेलेली असू शकते. तेथे चालणे थांबवावे. आणि दुखते म्हणून रोज वेदनाशामक गोळ्या घेण्याची सवय अत्यंत धोक्याची. शरीरातील पाणी कमी झालेले असताना या गोळ्या मूत्रपिंडांना इजा करू शकतात.

न दुखणारी जखम

सर्वांत धोकादायक जखम दुखत नाही. मधुमेह बरीच वर्षे असला की पायांतील नसा क्षीण होतात. खडा रुतला, काटा मोडला, चटका बसला तरी कळत नाही. काही वर्षांपूर्वी माझ्या एका रुग्णाच्या बाबतीत हेच घडले.

ते साठीच्या आसपासचे शेतकरी, मधुमेह बारा वर्षांचा. वाटेत एका दुपारी त्यांच्या चपलेचा अंगठा तुटला. मुक्काम तीन-चार किलोमीटरवरच होता आणि सोबतचे पुढे निघून गेले होते. त्यांनी चपला पिशवीत टाकल्या आणि तापलेल्या डांबरावरून ते अनवाणी चालत राहिले. तळवे भाजले, पण वेदना झाल्या नाहीत. पायाखाली ओलसर लागते आहे, एवढे त्यांच्या लक्षात आले. दिंडीप्रमुखांना कळले तर ते गाडीत बसवून परत पाठवतील, या भीतीने ते गप्प राहिले.

त्या रात्री मराठवाड्यातील एका खेड्यात गावकऱ्यांनी वारकरी घरोघरी वाटून घेतले होते. हे ज्या घरी गेले, तेथील गृहिणी रीतीप्रमाणे त्यांच्या पायांवर पाणी घालू लागल्या, तेव्हा तळव्याची कातडी सुटून आलेली त्यांना दिसली. यांनी पाय मागे ओढला. ‘काही नाही माऊली, फोड आहे. दुखत नाही.’ त्यावर त्या म्हणाल्या, ‘दुखत नाही म्हणता, म्हणून तर भीती वाटते. आमच्या मामंजींचा पाय असाच गेला. उद्या तुम्ही निघायचं नाही.’

दुसऱ्या दिवशी दिंडी पुढे गेली आणि हे मागे राहिले. मोठा माणूस, पण ओसरीवर बसून रडले. घरातील मुलगा त्यांना रोज मोटारसायकलवरून प्राथमिक आरोग्य केंद्रात मलमपट्टीसाठी नेत असे. घरातल्या नातवंडांबरोबर ज्वारीची भाकरी आणि वरण खात त्यांनी सहा दिवस तेथे काढले. सातव्या दिवशी त्या मुलाने त्यांना एसटीत बसवून दिले, पायाला मऊ पट्टी आणि हातात औषधांची चिठ्ठी देऊन. पैसे कुणी घेतले नाहीत. पंढरपूरहून परतल्यावर ते माझ्याकडे आले, तेव्हा जखम स्वच्छ होती; दोन महिन्यांत ती भरून आली. तशाच पायाने ते आणखी आठवडाभर चालले असते, तर संसर्ग हाडापर्यंत पोहोचण्याचा आणि पाय कापावा लागण्याचा धोका खराखुरा होता.

त्या बाईंकडे वैद्यकीय शिक्षण नव्हते. होती ती सासऱ्यांच्या दुखण्यातून आलेली जाण आणि परक्या माणसाला हक्काने थांबवण्याचे धैर्य. जेवू घालणे त्या मानाने सोपे. ‘थांबा’ म्हणण्यासाठी माणूस आपला वाटावा लागतो.

सेवा करणाऱ्यांसाठी

ही जाण वाटेवरील प्रत्येक घराला उपयोगी पडेल. पुण्यात चर्मकार मंडळी वारकऱ्यांच्या चपला विनामूल्य शिवून देतात. वरील घटना आठवली, की ही सेवा पाय वाचवणारी आहे हे पटते. गोड सरबत, लाडू, साबुदाण्याची खिचडी यांचे वाटप आपल्याकडे भरपूर होते. मधुमेही वारकऱ्यांसाठी साधे ताक, भाकरी, उसळ, मूठभर फुटाणे हेही ठेवावे. पाय दाबून देणे ही जुनी आणि सुखाची सेवा; परंतु एकच पोटरी सुजलेली, गरम आणि दुखरी असेल, तर ती मुळीच चोळू नये. आत रक्ताची गुठळी असल्यास ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. अशा व्यक्तीला आणि छातीत दुखणाऱ्या, धाप लागलेल्या व्यक्तीला तातडीने रुग्णालयात न्यावे. ओळखपाळख नसताना वेदनाशामक गोळ्या वाटणे टाळावे.

स्त्रियांच्या एका त्रासाचा उल्लेख फारसा कुणी करत नाही. वाटेत शौचालय मिळणार नाही, या धास्तीने अनेक स्त्रिया दिवसभर पाणीच पीत नाहीत. त्यातून लघवीची जळजळ, संसर्ग, भोवळ असे त्रास उद्भवतात. रस्त्यालगतच्या घरांनी आणि शाळांनी आपले शौचालय त्यांच्यासाठी खुले ठेवून तसा फलक लावला, तर कित्येक औषधांच्या बाटल्या वाचतील.

घरच्यांनी निघण्यापूर्वी करावयाची तयारी

किमान दोन महिने आधी रक्तदाब, साखर, हृदय आणि पाय तपासून घ्यावेत. धनुर्वाताचे इंजेक्शन घेतले आहे का, हे पाहावे. रोजच्या चालण्यामुळे साखर एकाएकी खाली येऊ शकते आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या उन्हात त्रासदायक ठरतात; म्हणून औषधांची मात्रा डॉक्टरांशी बोलून ठरवावी, आपल्या मनाने बंद करू नये. मधुमेहींनी खडीसाखर किंवा ग्लुकोज खिशात ठेवावे आणि एक पाऊलही अनवाणी टाकू नये. नवे कोरे बूट घालून निघू नये. दिवसभराच्या चालण्याने पाय सुजतात, त्यामुळे बूट किंचित सैल आणि आधीच वापरून मऊ झालेले असावेत. चपलांचा एक जादा जोड सोबत असावा. आजार, औषधे आणि घरचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी पिशवीत आणि खिशात, दोन्हीकडे ठेवावी.

या तयारीइतकीच गरज एका सोबत्याची आहे. रोज रात्री दिव्याच्या उजेडात एकमेकांचे तळवे पाहायचे, असे दोघांनी निघतानाच ठरवावे. आपल्या म्हाताऱ्या आई-वडिलांना निरोप देताना मुलांनी त्यांना आवर्जून सांगावे, की दुखले, चक्कर आली, पायाखाली ओलसर लागले, तर ते त्याच क्षणी सोबत्याला सांगायचे. चार मुक्काम गाडीत बसून गाठल्याने वारी मोडत नाही. पाय शाबूत राहिले, तर पुढच्या वर्षीही ज्येष्ठात निघता येते.