दोन जाहिराती

वर्तमानपत्राचा पक्षपात पकडायचा म्हटले की वाचक विशेषणांवर नजर ठेवतो. ‘घणाघाती’ भाषण कोणाचे, ‘वादग्रस्त’ विधान कोणाचे, नेता ‘म्हणाला’ की ‘बरळला’. तेही पाहावेच, पण शब्दांतला पक्षपात त्यातल्या त्यात भाबडा, कारण तो स्वतःच स्वतःचा बोभाटा करतो. ‘सामना’ उघडणाऱ्याला पत्र कोणाचे ते ठाऊक असते आणि तेवढी वजावट करूनच तो वाचतो. घातक पक्षपात पानावरच्या जागेत असतो : काय छापले, कोणत्या नावाखाली छापले आणि काय छापलेच नाही. मराठी वृत्तपत्रांतली त्याची दोन ठळक उदाहरणे योगायोगाने जाहिरातींचीच आहेत.

पहिले १९२० चे. ३१ जानेवारीला डॉ. आंबेडकरांचे ‘मूकनायक’ हे पाक्षिक मुंबईतून निघाले. पैसे देऊ केले तरी ‘केसरी’ने त्याची जाहिरात छापली नाही, ही तक्रार आंबेडकरांनीच पुढे लिहून ठेवली आहे. ‘केसरी’ने निष्पक्षतेचा आव कधी आणला नव्हता. त्याचे पहिले संपादक आगरकर; टिळकांशी मतभेद झाल्यावर ते बाहेर पडले आणि १८८८ मध्ये त्यांनी ‘सुधारक’ काढला. दोन्ही पत्रांच्या बाजू उघड होत्या, अग्रलेखाला अग्रलेखाने उत्तर देता येत होते. न छापलेल्या जाहिरातीला मात्र उत्तर कोण देणार? आपल्यापासून काही दूर ठेवले गेले, याचा ‘केसरी’च्या वाचकाला पत्ताच नव्हता.

दुसरे उदाहरण २००९ चे, आणि अगदी उलटे. ऑक्टोबरातल्या विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांचे गुणगान करणारी पानेच्या पाने मराठी दैनिकांत बातमीच्या वेषात आली. एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या दैनिकांत तोच मजकूर शब्दन्‌शब्द छापला गेल्याचे पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’त दाखवून दिले. चव्हाणांनी निवडणूक खर्चात दाखवलेला वृत्तपत्रीय जाहिरातींचा आकडा होता ५,३७९ रुपये. पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांवर प्रेस कौन्सिलच्या दोघा सदस्यांनी नावानिशी सविस्तर अहवाल लिहिला, तर २०१० मध्ये कौन्सिलने त्याची आटोपशीर आवृत्तीच तेवढी प्रसिद्ध केली. पूर्ण अहवाल बाहेर यायला केंद्रीय माहिती आयोगाचा आदेश लागला. वृत्तपत्रांची न छापण्याची सवय त्यांच्यावर देखरेख ठेवणाऱ्यांनाही लागलेली दिसते.

यावर कोणी म्हणेल, सिद्ध काय झाले? चव्हाणांनी आरोप नाकारला होता, आणि त्यांच्याविरुद्धचा निवडणूक आयोगाचा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१४ मध्ये रद्द केला. (तोवर त्या विधानसभेची मुदतही संपत आली होती.) ते खरेच आहे, आणि उमेदवाराला त्याचा लाभ मिळायलाच हवा. पण न्यायालयापुढचा प्रश्न उमेदवाराच्या खर्चाचा होता. वाचकाचा प्रश्न वृत्तपत्राला आहे आणि त्यासाठी पावती लागत नाही. दोन प्रतिस्पर्धी वार्ताहरांना एकच परिच्छेद स्वल्पविरामासकट सुचत नसतो. पैसा फिरला नाही असे धरले, तरी कोणाचा तरी आयता मजकूर बातमी म्हणून वाचकाच्या हाती दिला गेला, एवढे उरतेच.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. पाने मोजकी, घडामोडी असंख्य. निवड करावीच लागते, मग प्रत्येक गाळणुकीला पक्षपात कसे म्हणणार? म्हणूच नये. एका दिवसाच्या अंकावरून संपादकाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे अन्यायाचे होईल. पण आठवडेच्या आठवडे एकाच उमेदवाराच्या सभा पहिल्या पानावर आणि त्याच्या प्रतिस्पर्ध्याचे नावही कुठे नाही, तर ती जागेची टंचाई नव्हे. येत्या निवडणुकीत आपल्या मतदारसंघातल्या उमेदवारांची यादी जवळ ठेवा आणि महिनाभर रोजच्या पत्राशी ताडून पाहा. कोणते नाव एकदाही आले नाही, ते आधी शोधा.