धुपाचा खडा : पारख, खरेदी व धुरी

तिन्हीसांजेस धुपाटण्यात निखारा घेऊन त्यावर धूप टाकण्याची चाल आपल्या खेड्यांतून अद्याप टिकून आहे. परंतु धूप म्हणून जो जिन्नस आपण बाजारातून आणतो तो कोणत्या झाडाचा, कोणत्या प्रदेशातला, किंबहुना झाडाचा तरी आहे काय, याची चौकशी सहसा केली जात नाही. ती करणे इष्ट आहे. ह्या लहानशा पुडीचा संबंध एका बाजूस घरातील माणसांच्या श्वासाशी, तर दुसऱ्या बाजूस रानातील झाडांच्या आयुष्याशी येतो.

काष्ठौषधीच्या दुकानात धुपासाठी मुख्यत्वे चार जिन्नस मिळतात. ऊद अथवा लोबान हा सुमात्रा, लाओस इकडील झाडांचा चीक असून तो परदेशातून येतो. राळ ही मूळची सालवृक्षाची. परंतु चीड वृक्षाच्या चिकातून टर्पेंटाइन काढून घेतल्यावर जो बेरजा उरतो, तोही पुष्कळदा राळ म्हणूनच विकला जातो. गुग्गुळ कच्छ व राजस्थानातील काटेरी झुडपापासून मिळतो. चौथा जिन्नस सालईचा डिंक. ह्यास संस्कृतात शल्लकीनिर्यास म्हणतात, आणि बाजारात तो ‘सालई गुग्गुळ’ ह्या नावानेही मिळतो. ह्या नावामुळे दोन्हींचा घोटाळा होतो, म्हणून दुकानदारास स्पष्ट विचारून घ्यावे.

खरेदी करताना पूड कधीही घेऊ नये. पुडीत भुसा, माती, बेरजा काहीही मिसळता येते व डोळ्यांस ते कळत नाही. काळा, ओलसर, वळकटीचा धूप मिळतो तो बहुधा लाकडाचा भुसा, कोळशाची पूड व सुगंधी तेले यांचे मिश्रण असते. त्यास चिकाचा धूप म्हणता यावयाचे नाही. खडे घ्यावेत. सालईचा चांगला खडा पिवळसर, थोडासा पारदर्शक आणि वरून भुरकट दिसतो. घरी परीक्षा करावयाची तर एक खडा खलात पाण्याबरोबर घोटावा. सालई व गुग्गुळ यांच्या चिकात राळ, तेल आणि डिंक हे तिन्ही असतात. त्यांतील डिंक पाण्यात उतरतो व पाणी दुधासारखे पांढरट होते. बेरजा काचेसारखा ठिसूळ असून पाण्यात मिसळत नाही, आणि निखाऱ्यावर टाकताच भराभर वितळून काजळीचा काळा धूर सोडतो. ह्या धुराने घशास व छातीस त्रास होतो. दम्याच्या रोग्याने तर त्यापासून दूरच राहावे. घोटून पाहण्याची ही परीक्षा लोबानास व खऱ्या राळेस मात्र लागू नाही, कारण त्यांत डिंक नसतो.

जाळण्याच्या बाबतीत आपली सवय उधळपणाची आहे. लालबुंद निखाऱ्यावर मूठभर धूप टाकला म्हणजे घर धुराने भरते, आणि सुगंध मात्र क्षणात जळून जातो. वास असतो तो चिकातील उडून जाणाऱ्या तेलात. त्यास मंद उष्णता पुरते. करवंटीचा किंवा लाकडी कोळशाचा निखारा पूर्ण पेटू द्यावा, त्यावर राखेचा पातळ थर पसरावा आणि हरभऱ्याएवढा एकच खडा त्या राखेवर ठेवावा. खडा फसफसतो, मऊ होतो आणि पांढरा, हलका धूर देतो. शेवटी उरतो तो डिंक. त्याची वाफ होत नाही, तो करपतो. धुपाचा वास शेवटी उग्र होतो तो ह्याच कारणाने. तेव्हा वास बदलताच अवशेष चिमट्याने काढून टाकावा. झटपट पेटणारे तयार कोळसे मिळतात त्यांत बहुधा सोरा असतो. ठिणग्या थांबून कोळसा राखाडी झाल्यावरच त्यावर खडा ठेवावा.

येथे एक गोष्ट निक्षून सांगणे भाग आहे. बाळंतिणीच्या खोलीची दारे-खिडक्या बंद करून आत शेगडी ठेवणे व न्हाऊ घातल्यावर बाळास धुरी देणे ही पद्धत मोडली पाहिजे. धुमसत्या कोळशापासून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्यास ना रंग ना वास, आणि बंद खोलीत झोपलेल्या माणसांचा त्याने प्राण जातो. तान्ह्या मुलाची फुप्फुसे नाजूक असतात, त्यास कोणताच धूर हितकर नाही, मग तो कितीही शुद्ध धुपाचा असो. वडीलधाऱ्या स्त्रियांना हे पटविण्याचे काम गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी सबुरीने करावे. चालीची टवाळी केल्याने ते साधत नाही. धूप मोठ्यांनी जाळावा, तोही खिडकी उघडी ठेवून. गोठ्यात धुरी करावयाची तर कडब्यापासून दूर करावी व निखारे विझल्याखेरीज तेथून हलू नये. डासांसाठी मच्छरदाणीच वापरावी; धुरावर भिस्त ठेवू नये.

आता झाडांविषयी. गुग्गुळाचे झुडूप फार सावकाश वाढते. अधिक चीक मिळावा म्हणून त्याच्या खोडावर खोल घाव घालून रसायनाचा लेप देण्याची रीत पडली, आणि अशी झुडपे पुष्कळदा वाळून मरतात. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत आज ही वनस्पती अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदलेली आहे. सबब, औषधासाठी वैद्याने सांगितला तर गोष्ट निराळी, पण नुसत्या धुपासाठी गुग्गुळ घेऊ नये असे आमचे मत आहे. सालईने ते काम उत्तम भागते.

सालईचे झाड आपल्या ओळखीचे आहे. सातपुड्याच्या उतारावर, मेळघाटात, विदर्भ-खानदेशच्या कोरड्या, खडकाळ टेकड्यांवर, जेथे दुसरे झाड तग धरीत नाही तेथे ते उभे असते. राखी सालीचे कागदासारखे पापुद्रे निघतात, हीच त्याची खूण. लाकूड हलके म्हणून लोक त्यास कमी लेखतात. पण नेपानगरच्या वृत्तपत्री कागदाच्या कारखान्याने एकेकाळी हेच लाकूड वापरले. चीक वाहणाऱ्या नलिका सालीत असतात, लाकडात नव्हे. म्हणून साल तेवढी तासावी. कुऱ्हाडीचा घाव लाकडापर्यंत नेल्याने चीक वाढत नाही, झाड मात्र खंगते. खोडास सभोवार वेढा घालून साल काढू नये आणि झाडास मधूनमधून विश्रांती द्यावी. हिवाळ्यापासून पावसाच्या आधीपर्यंत चीक गोळा होतो. तो ताजा असता मधासारखा पातळ असतो. बांबूच्या टोपलीत सुमारे महिनाभर ठेवल्यास पातळ रस खाली निथळतो व वर राहिलेला भाग घट्ट होतो. मग तो फोडून साल-कचरा वेचून काढावा आणि खड्यांची प्रतवारी करावी. बाजारात भाव ठरतो तो ह्या वेचणीवर. कचऱ्यासकट विकणारा आपले श्रम व्यापाऱ्यास फुकट देतो.

२००६ च्या वनहक्क कायद्याने वनवासी कुटुंबांना व ग्रामसभांना गौण वनउपज गोळा करण्याचा व विकण्याचा हक्क दिला आहे. ज्या गावांचे सामूहिक हक्क मंजूर झाले आहेत, त्यांनी कोणती झाडे कोणत्या वर्षी तासावयाची हे सभेतच ठरवावे. पाने फुटण्यापूर्वी तोडलेली जाड फांदी मुरमाड जमिनीत रोवल्यास तिला मुळे फुटू शकतात. सगळ्याच फांद्या जगत नाहीत, म्हणून लागतील त्याहून काही अधिक रोवाव्यात आणि पहिली दोन वर्षे तेथे वणवा जाऊ देऊ नये.