आधी ऊब, मग दूध: आईने टाकलेली मांजराची अकाली पिल्लं कशी सांभाळायची

(ऐकायला वेळ नसेल तर या भागाचा मजकूर इथे वाचा. बोलण्यातलं थोडं नीट केलंय, बाकी जसंच्या तसं.)

आजचा भाग एका व्हॉईस मेसेजमुळे करतेय. आमच्याच ऊर्जानगरातल्या एका मुलीने रात्री साडेअकराला पाठवला: "ताई, जिन्याखाली मांजर व्याली. तीन पिल्लं आहेत, पण खूपच बारीक. अंगावर केस नाहीत जवळजवळ. आई एकालाच चाटते, दोघांना बाजूला ढकलते. घरात गाईचं दूध आहे. पाजू का?"

तिला मी लगेच दोनच शब्द पाठवले: "थांब. पाजू नको."

का, ते आज सांगते.

पिल्लू अकाली जन्मलंय हे कसं ओळखायचं?

मांजरीचे दिवस साधारण ६३ ते ६५ असतात. त्याच्या बऱ्याच आधी पिल्लं झाली तर ती अकाली. पण जिन्याखालच्या मांजरीचे दिवस कोण मोजतं? म्हणून पिल्लू बघा. पूर्ण दिवसांचं पिल्लू ९० ते ११० ग्रॅमचं असतं. अकाली पिल्लू त्याहून बरंच हलकं भरतं, केस विरळ असतात, कातडी गुलाबी आणि पातळ दिसते. स्वच्छ धुतलेली करंगळी तोंडात दिली तर ते ओढत नाही, किंवा अगदी क्षीण ओढतं.

आई टाकते म्हणजे काय?

आपल्याकडे म्हणतात, मांजर पिल्लांना सात घरं फिरवते. सातचा हिशोब सोडा, पण ती जागा बदलते हे खरं. त्यामुळे एकटं पिल्लू दिसलं की टाकलंच असं नाही. ते गरम, गुबगुबीत आणि शांत असेल तर दोन-तीन तास लांबूनच बघा. आई बहुतेक वेळा परत येते. माणसाचा हात लागला की आई पिल्लू घेत नाही, ही भीतीही सोडा.

पण पिल्लू गार असेल तर वाट बघायची नाही. गार पडलेल्या पिल्लाला आई पुष्कळदा स्वतःच बाजूला सारते. पहिलटकरीण असेल, आजारी असेल किंवा लोक सारखे डोकावत असतील तरीही असं होतं. म्हणून पिल्लाला आधी ऊब द्या, मग पुन्हा तिच्याजवळ ठेवून बघा. तिने घेतलं तर याहून चांगलं काही नाही. पहिल्या दिवसाच्या चिकात रोगाशी लढणारी द्रव्यं असतात, ती कुठल्याही डब्यात मिळत नाहीत.

आधी ऊब का?

नवजात पिल्लाला स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही. अंग गार पडलं की आतडी काम थांबवतात. अशा वेळी पाजलेलं दूध पोटात तसंच पडून राहतं, पोट फुगतं, दूध उलटून श्वासनलिकेत जातं. गार पिल्लू भुकेने मरेल या घाईत पाजलेल्या दुधानेच ते जातं.

ऊब कशी द्यायची? पिल्लू आपल्या कपड्याच्या आत, छातीशी धरा. किंवा बाटलीत गरम पाणी भरा, टॉवेलमध्ये गुंडाळा आणि खोक्याच्या एकाच बाजूला ठेवा. पिल्लाच्या अंगाला बाटली थेट लागू द्यायची नाही. एलईडी बल्ब लावून बसू नका, तो पुरेसा तापत नाही. तासा-दोन तासांत हळूहळू ऊब येऊ द्या. एकदम शेकलं तरी जिवाला धोका असतो. पहिल्या आठवड्यात खोक्यात ३० ते ३२ अंश हवेत. आत एक साधा थर्मामीटर टाकून ठेवा.

आता तुम्ही म्हणाल, ताई, चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, इथे कसली थंडी? थंडी कूलरची! ओल्या वाळ्यातून येणारा तो वारा आपल्याला बरा वाटतो, पण ७० ग्रॅमच्या जिवाला झोतासमोर ठेवलं तर ते अर्ध्या तासात गार पडू शकतं. आणि खोलीच ३८ अंशांवर असेल तर उलटा धोका: बाटली काढा, हवा खेळू द्या. पिल्लू तोंड उघडून धापा टाकत असेल तर ते तापलंय.

ही गोष्ट आपल्या भागाला नवी नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ने गावातल्या बायकांना नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं. बाळाला उबदार ठेवणं, वजन करणं, धोक्याची लक्षणं ओळखणं अशा साध्या गोष्टींनी बालमृत्यू घटले. १९९९ मध्ये तो अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. मी बाळाची आणि पिल्लाची बरोबरी करत नाहीये. पण अकाली जन्मलेल्या जिवाला आधी काय लागतं, याचं उत्तर दोन्हीकडे एकच आहे.

मग दूध: कुठलं, किती, कसं?

मांजरीच्या दुधात गाईच्या दुधाच्या दुपटीहून जास्त प्रोटीन असतं. गाईच्या दुधाने जुलाब होतात आणि इवल्या अंगातलं पाणी निघून जातं. पाणी घालून पातळ केलं तर पोषण आणखीच कमी. मांजराच्या पिल्लांसाठी दुधाची पावडर मिळते, तीच आणा. ती येईपर्यंत काय द्यायचं, ते पशुवैद्यालाच विचारा.

माप असं: १०० ग्रॅम वजनाच्या पिल्लाच्या पोटात एका वेळी साधारण ४ मिली मावतं. ७० ग्रॅमच्या अकाली पिल्लाला १ मिलीपासून सुरुवात करा. दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा. सुईशिवायची लहान सिरिंज, थेंब-थेंब. पिल्लू पोटावर पालथं हवं, जसं ते आईला पितं. बाळासारखं उताणं धरलं की दूध फुफ्फुसात जातं. ओढतच नसेल तर जबरदस्ती नको. नळीने पाजणं पशुवैद्याचं काम.

पाजल्यावर कोमट ओल्या कापसाने पोटाखालचा भाग हळूच पुसा. आई चाटते तेव्हाच शी-शू होते, स्वतःहून होत नाही. आणि रोज एकाच वेळी वजन करा. सोनाराकडे असतो तसा छोटा काटा उत्तम. दिवसाला १० ग्रॅमच्या आसपास वाढ हवी. वजन घटलं तर त्याच दिवशी डॉक्टर.

आपल्या भागासाठी दोन गोष्टी

एक: रात्री आई शोधायला झुडपांत शिरू नका. फेब्रुवारी २०२२ मध्ये वीजकेंद्राच्या परिसरात आणि शेजारच्या दुर्गापुरात वाघ-बिबट्याच्या हल्ल्यांत माणसं गेली, हे इथे कुणाला सांगायला नको.

दोन: पिल्लू शेतात किंवा झुडपात सापडलं तर ते रानमांजराचं किंवा वाघाटीचं असू शकतं. उचलू नका, घरी पाळायला तर नाहीच; वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे. लांबून फोटो काढा आणि वनविभागाच्या १९२६ वर फोन करा. जुन्नरकडे उसात सापडलेली पिल्लं वनविभाग आणि वाइल्डलाइफ एसओएसचे लोक त्याच जागी खोक्यात ठेवतात, आणि रात्री आई येऊन घेऊन जाते.

त्या मुलीचं काय झालं? दोन पिल्लांना तिने रात्रभर ऊब दिली. सर्वांत लहान पहाटे गेलं. त्याला धड श्वासच घेता येत नव्हता. फुफ्फुसं तयार नसतील तर घरी कुणीच काही करू शकत नाही. दुसऱ्याला सकाळी आईने जवळ घेतलं. ती विचारत होती, "माझं काही चुकलं का?" नाही गं, काहीच चुकलं नाही.

आता एक काम उरलंय. पिल्लं अंगावर पीत असतानाच मांजर पुन्हा गाभण राहू शकते. म्हणून पिल्लं सुटली की तिचं नसबंदीचं ऑपरेशन करून घ्या. त्याचा खर्च किती, नंतर काळजी काय, हे पुढच्या भागात. तुमचे प्रश्न व्हॉईस मेसेजने पाठवा. पण पिल्लू हातात गार लागत असेल तर उत्तराची वाट बघू नका, आधी त्याला छातीशी धरा.