राजीनामा आधी की व्हिसा?

पुण्या-मुंबईच्या आयटी कंपन्यांत तीन महिन्यांची नोटीस सर्रास असते. ब्रिटनमधली नवी कंपनी मात्र लवकर रुजू व्हा म्हणून मागे लागलेली असते. या ओढाताणीत सल्ला द्यायला सगळेच पुढे येतात. त्यातला सगळ्यात घातक सल्ला म्हणजे ‘ऑफर लेटर आलंय ना, मग पेपर टाकून मोकळा हो.’

ऑफर लेटर हा फक्त कंपनीचा शब्द. तिथे काम करायची परवानगी ब्रिटनचं गृहखातं देतं. स्किल्ड वर्कर व्हिसासाठी आधी कंपनीने सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप, म्हणजे सीओएस, काढावं लागतं आणि त्यावर आपण अर्ज करायचा. ऑफर आणि सीओएस यांमधल्या काळात किती उलथापालथ होऊ शकते, ते 22 जुलै 2025 ला दिसलं. त्या दिवशी किमान पगाराची सर्वसाधारण अट 38,700 पौंडांवरून 41,700 पौंडांवर गेली, बरीच कामं या व्हिसाच्या यादीतून बाहेर पडली आणि परदेशातून नवे केअर वर्कर घेणं बंद झालं. ज्यांचं सीओएस त्याआधी निघालं होतं, त्यांचे अर्ज जुन्या नियमांनी तपासले गेले. नुसती ऑफर असलेल्यांना ती सवलत नव्हती.

बरं, सीओएस निघालं म्हणजे व्हिसा झालाच, असंही नाही. तो एक संदर्भ क्रमांक असतो, मंजुरी नव्हे. अर्ज प्रलंबित असताना कंपनीचा स्पॉन्सर परवाना रद्द झाला, तर आपली काहीही चूक नसताना अर्ज नाकारला जातो. आणखी एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. भारतातून सहा महिन्यांहून अधिक काळासाठी जाणाऱ्याला मान्यताप्राप्त केंद्रातून टीबीची तपासणी करून घ्यावी लागते. छातीचा एक्स-रे स्वच्छ निघाला तर काम पटकन होतं. पण डॉक्टरांना शंका आली आणि थुंकीची तपासणी सांगितली, तर अहवालाला आठ आठवडेही लागू शकतात. त्याआधीच नोटीस सुरू केलेल्या माणसाचे हे दोन महिने कसे जात असतील, याचा विचार करा. म्हणून ही तपासणी जितकी लवकर उरकेल तितकं बरं. तिचं प्रमाणपत्र सहा महिने चालतं.

प्रायोरिटीचे जादा पैसे भरले की व्हिसा पक्का, असंही अनेकांना वाटतं. त्या पैशांनी निर्णय लवकर येतो, एवढंच. तो आपल्या बाजूचा असेल याची हमी कुणी देत नाही. अर्ज जमा करून घेणाऱ्या व्हीएफएस या कंपनीच्या काउंटरवरचा माणूसही कागद आणि बोटांचे ठसे घेतो. निर्णय त्याच्या हातात नसतो.

‘व्हिसासाठी राजीनाम्याचं पत्र जोडावं लागतं’ हे तर साफ चूक. या अर्जाला जुन्या नोकरीचा राजीनामा लागत नाही. रिलीव्हिंग लेटर नवी कंपनी मागते, तेही तुम्ही सुटल्यानंतर.

मग तीन महिन्यांच्या नोटिशीचं करायचं काय? इथे नियम आपल्याला बऱ्यापैकी अनुकूल आहेत. सीओएसवरच्या रुजू होण्याच्या तारखेच्या तीन महिने आधीपासून अर्ज करता येतो. परदेशातून केलेल्या अर्जाचा निर्णय साधारण तीन आठवड्यांत येतो. म्हणजे व्हिसा हातात पडल्यावरही नऊ-दहा आठवडे उरतात. शिवाय सीओएसवरची तारीख ही काळ्या दगडावरची रेघ नसते. ती तारीख, व्हिसा सुरू होण्याची तारीख आणि मंजुरी कळल्याची तारीख यांपैकी जी शेवटची असेल, तिच्यापासून 28 दिवसांत रुजू झालं तरी चालतं. फक्त हे गणित ऑफरच्या बोलण्यातच मांडा: ‘माझी नोटीस 90 दिवसांची आहे आणि ती मी व्हिसा आल्यावरच सुरू करणार.’ स्पॉन्सर करणाऱ्या कंपनीला यात नवल वाटत नाही.

नोटिशीचे उरलेले दिवस बायआउटने, म्हणजे कंपनीला पैसे देऊन, भरून काढू, असं गृहीत मात्र धरू नका. अनेक नेमणूकपत्रांत ती कंपनीच्या मर्जीची बाब असते. आपलं पत्र काढून ते कलम वाचा.

‘नाहीच जमलं तर राजीनामा मागे घेऊ’ हा शेवटचा भाबडा आधार. कोकण रेल्वेच्या एका कर्मचाऱ्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये त्याने मागे घेतलेला राजीनामा ग्राह्य धरला आणि त्याला कामावर परत घ्यायला लावलं, हे खरं. पण राजीनामा 2013 मधला होता, म्हणजे न्याय मिळायला इतकी वर्षं गेली. शिवाय ती सरकारी कंपनी. खासगी नोकरीत एकदा राजीनामा स्वीकारला गेला, की पुढचं बहुतेक व्यवस्थापनाच्या इच्छेवर असतं.

नवी कंपनी थांबायलाच तयार नसेल, तर निदान टीबीचा अहवाल, अर्ज आणि बायोमेट्रिक उरकेपर्यंत तरी राजीनामा देऊ नका, आणि सहा महिन्यांचे हप्ते आणि घरखर्च बाजूला काढून ठेवा. माझं मत विचाराल तर व्हिसाआधी राजीनामा देण्यापेक्षा बायआउटला महिन्याभराचा पगार गेलेला परवडला. व्हिसा मंजूर झाल्याचं कळलं, की नाव, जन्मतारीख आणि व्हिसाची मुदत नीट ताडून पाहा आणि चूक असेल तर आधी ती दुरुस्त करून घ्या. मग एचआरला मेल टाका, आणि कामाचा शेवटचा दिवस लेखी ठरल्याशिवाय विमानाचं तिकीट काढू नका.