औषधाच्या वेळा आणि कॅमेऱ्याच्या वेळा

आनंद पटवर्धन हे नाव घेतलं की मोर्चे, दंगलीनंतरच्या वस्त्या आणि सेन्सॉरशी झालेली कोर्टकज्जेगिरी आठवते. 'जय भीम कॉम्रेड' पुरा करायला त्यांनी चौदा वर्षं घेतली. अशा माणसाचा २०२३ मधला चित्रपट बराचसा घरातल्या घरात घडतो. 'वसुधैव कुटुंबकम्' हे त्याचं नाव. थकत चाललेले आईवडील, त्यांच्या गप्पा, एकमेकांची थट्टा, दुखणी. चित्रपट करायचा म्हणून हे चित्रण सुरू झालं नव्हतं. आईवडिलांचं वय होत चाललंय हे दिसलं आणि मुलानं हाताशी असलेला कॅमेरा लावला, इतकंच. ते दोघं गेल्यानंतर अनेक वर्षांनी त्या चित्रणाला चित्रपटाचा आकार आला.

त्या खोलीतल्या गप्पांतून केवढा काळ बाहेर येतो! वडिलांचे भाऊ म्हणजे नगरचे रावसाहेब आणि अच्युतराव पटवर्धन. अच्युतराव बेचाळीसच्या चळवळीतले भूमिगत नेते. आई निर्मला सिंधमधल्या हैदराबादच्या, शांतिनिकेतनात शिकलेल्या, पुढे मातीच्या भांड्यांच्या कलेत नाव कमावलेल्या. त्यांच्या बाजूनं सिंधचे प्रीमियर अल्लाबख्श सूमरो यांची आठवण निघते. फाळणीला विरोध करणाऱ्या मुसलमानांची आझाद मुस्लिम परिषद एप्रिल १९४० मध्ये दिल्लीत भरली, तिचे हे अध्यक्ष. १९४३ मध्ये त्यांची हत्या झाली. शाळेतल्या इतिहासात हा माणूस सहसा भेटत नाही. एका म्हाताऱ्या बाईच्या बोलण्यात भेटतो.

पटवर्धन मात्र पूर्णवेळ चित्रपटकार. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातचं लेक्चर त्यांच्या डोक्यावर नव्हतं. पेण-रोह्याकडच्या एखाद्या कॉलेजात शिकवणारी, घरी अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई असलेली बाई डोळ्यांसमोर आणा. तिलाही माहितीपट करायचाय. विषय पक्का आहे. २१ सप्टेंबर २००८ रोजी पेण तालुक्यातल्या बावीस गावांनी सेझसाठी जमीन द्यायची की नाही यावर मतदान केलं. त्या दिवशी शेतावरची कामं टाकून रांगेत उभ्या राहिलेल्या बायका आता साठी-सत्तरीच्या घरात आहेत. त्यांना बोलतं करायचंय. विषय गाडीनं दहा-पंधरा मिनिटांवर आहे, आणि तिथं जायला सहा महिन्यांत एक रविवार मिळत नाही.

रमजानमध्ये तर अशा घराचं वेळापत्रक दुहेरी होतं. आजारी आणि अतिवृद्ध माणसांना रोजा माफ असतो. म्हणजे घरात एक वेळापत्रक उपाशी माणसांचं आणि दुसरं खाणाऱ्या माणसाचं. पहाटे सहरी आटोपायची, सासूबाईंना कूस बदलून द्यायची, त्यांचा नाश्ता आणि सकाळच्या गोळ्या उरकून कॉलेज गाठायचं. दुपारी स्वतः तोंडात पाण्याचा थेंब न घेता त्यांच्यासाठी मऊ भात शिजवायचा, चव न घेता अंदाजानं मीठ घालायचं. संध्याकाळी इफ्तारीची घाई, रात्री उत्तरपत्रिका.

अशा बाईचं कौतुक करायला आपला समाज कधी मागे राहत नाही. 'कसं गं जमवतेस सगळं?' हा प्रश्न उत्तर मिळावं म्हणून कुणी विचारत नाही. उत्तर राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळवापर पाहणीत आहे. घरची बिनपगारी कामं करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात, पुरुष ९७. घरातल्या माणसांची देखभाल करणाऱ्यांमध्ये बायकांची १३४ मिनिटं जातात, पुरुषांची ७६. आईबापांसमोर 'उफ्' म्हणू नये ही शिकवण घराघरांत मुलग्यांना दिली जाते आणि ती अमलात सुना आणतात. श्रावणबाळाच्या कावडीचंही तेच झालंय.

नोकरी सांभाळून माहितीपट होतात, त्याचं उदाहरण मुंबईत आहे. अंजली मोंतेरो आणि के. पी. जयशंकर या दांपत्यानं देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत वर्षानुवर्षं शिकवलं आणि शिकवता शिकवताच माहितीपट केले. धारावीत दंगलीनंतर सलोख्यासाठी झटणारे भाऊ कोरडे आणि वकार खान यांच्यावरचा 'नाता' त्यांचाच, २००३ मधला. तिथं संस्था पाठीशी होती, माध्यमांचा विभाग होता, ही गोष्ट विसरून चालणार नाही. तालुक्याच्या कॉलेजात मराठी किंवा अर्थशास्त्र शिकवणाऱ्या बाईला ते मिळत नाही. तिला जवळचा वाटावा तो त्यांचा २०११ मधला 'सो हेड्डन सो होड्डन'. कच्छमधले तीन चुलतभाऊ शाह अब्दुल लतीफ भिटाईंच्या काव्यावर जगतात. त्यातला उस्मान जत पोटासाठी ट्रक चालवतो, आणि त्या भागात मोजकीच उरलेली सुरंदो ही वाद्यं, त्यांपैकी एक त्याच्याकडे आहे. ट्रक उभा केला की तो सुरंदो हातात घेतो.

पेणच्या बाईलाही असाच तुकड्यातुकड्यांचा वेळ मिळणार. रमजानमध्ये घरातले पुरुष तरावीहला जातात, तेव्हा तास-दीड तास घर शांत असतं. तिचीही नमाज असतेच. ती झाल्यावर अर्धा तास उरला तर फोनवर नुसता आवाज टिपता येतो. त्याला ना दिवे लागतात ना गाडी. आणि खारेपाटातल्या बायकांपर्यंत जायला रविवार मिळेपर्यंत शेजारच्या पलंगावरच एक साक्षीदार आहे. कुठल्या गावाहून लग्न होऊन आली, तेव्हा पेणला येताना वाटेत काय लागायचं, मिठागरावर कोण जायचं, गणपतीच्या कारखान्यांत मोहल्ल्यातलं कुणी होतं का, हे विचारलंय कधी? औषधाच्या वेळा सांभाळताना आपण आजारी माणसाशी फक्त औषधाविषयीच बोलू लागतो.

यात एक पथ्य मात्र पाळायलाच हवं. अंग पुसताना, कपडे बदलताना कॅमेरा बंद, मग चित्र कितीही बोलकं असो. विसर पडत चाललेल्या माणसाची परवानगी एकदा घेऊन भागत नाही, रोज नव्यानं विचारावी लागते. एखाद्या दिवशी 'नको' म्हटलं तर नको.

आणि रविवारचं काय? तो घरातच मिळवावा लागतो. महिन्यातून दोन रविवार सकाळी सात ते एक सासूबाईंचं सगळं मुलगा करेल, डायपर बदलण्यासकट, एवढं ठरलं तर सहा महिन्यांत बारा फेऱ्या होतात. बारा फेऱ्यांत वीस मिनिटांच्या माहितीपटाला पुरेल एवढं चित्रण जमतं. नवऱ्याला सुरुवातीला जमणार नाही, गोळ्यांची वेळ चुकेल, तो दर तासाला फोन करील. करू द्यावा.

शिवाय प्रत्येक फायलीला नाव, गाव आणि तारीख लगेच घालायची आणि ती दोन ठिकाणी ठेवायची. एरवी कधीतरी फोन भरतो, घाईघाईनं जागा केली जाते, आणि चुलतभावाच्या वरातीचा व्हिडिओ राहून आजीचा आवाज पुसला जातो.